रोवीनाला रायफल घ्यायची होती

मर्ल टॉफ्टेच्या उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरने बजावलं, की इतक्यात रायफलीचा दस्ता खांद्याला लावायचा नाही, धक्क्याने डोळा जाईल. हे झालं नेमकं मेंढ्या व्यायच्या दिवसांत. रोज कोकरं जन्मत होती आणि रोज सकाळी एखादं कमी भरत होतं. पलीकडच्या घळीत कायोटींची, म्हणजे कोल्ह्यासारख्या रानटी जनावरांची, जोडी राहायला आली होती. नर राखणीच्या कुत्र्याला हुलकावण्या देत लांब न्यायचा, तेवढ्यात मादी कोकरू उचलायची.

"आता तूच जायचं, रो," मर्ल बायकोला म्हणाला. "मी पिपाणी वाजवून त्यांना जवळ बोलावतो, तू उडव."

रोवीनाचा नेम काही वाईट नव्हता. पण ती डावखुरी, आणि मर्लच्या जुन्या रायफलीचा बोल्ट, म्हणजे काडतूस चढवायचा दांडा, उजव्या बाजूला. एक गोळी झाडली, की चापावरचा डावा हात काढायचा, रायफलीवरून पलीकडे न्यायचा, बोल्ट मागे ओढून पुढे ढकलायचा, आणि मग परत चाप शोधायचा. तोवर जनावर दुसऱ्या गावाला पोचायचं.

म्हणून ती मर्लला घेऊन गावात वेंडेलच्या बंदुकांच्या दुकानात गेली. डावखुऱ्यांसाठीची बोल्टची रायफल त्याच्याकडे नव्हती. मागवली तर कोकरांचा हंगाम उलटल्यावर आली असती.

"सेमी-ऑटोमॅटिक घे," वेंडेल म्हणाला. "नुसता चाप ओढत राहा. पुढचं काडतूस आपलं आपण चढतं. कायोटी जोडीने येतात बाई, एकाला पाडून दुसऱ्याला टाटा करणार आहेस का?"

"पहिल्या गोळीत पाडायला शिकवलंय मी तिला," मर्ल म्हणाला. "दुसरी गोळी हाताशी आहे म्हटलं, की माणूस पहिली वाया घालवतो."

"तुझ्याच कितीतरी पहिल्या वाया गेल्यात, मर्ल. काडतुसं माझ्याकडूनच नेतोस."

दोघं तासभर भांडले. रोवीनाला मर्ल बोलला की मर्लचं पटायचं, वेंडेल बोलला की वेंडेलचं. तिला काय हवंय, हे विचारायचं दोघांच्याही डोक्यात आलं नाही. विचारलं असतं, तरी तिला सांगता आलं नसतं. शेवटी वेंडेलने आपली स्वतःची सेमी-ऑटोमॅटिक तिच्या हातात दिली. "वापरून बघ, मग ठरव."

पहिल्या पहाटे तिने मर्लची जुनी नेली. सेजच्या झुडपाला पाठ टेकून दोघं बसले. मर्लने पिपाणीतून जखमी सशाचं रडणं काढलं. कायोटी आला तो भलत्याच बाजूने. तिने घाईने गोळी झाडली, हुकली, आणि हात बोल्टपर्यंत जाईतो समोर नुसतं गवत हलत होतं.

"होतं असं," मर्ल म्हणाला. त्याच्या 'होतं असं'मध्ये बरंच काही होतं.

दुसऱ्या पहाटे वेंडेलची. या वेळी जोडी आली. तिने सटासट पाच गोळ्या झाडल्या. काडतुसाची प्रत्येक रिकामी पुंगळी नाकासमोरून उडाली, प्रत्येक वेळी तिचे डोळे मिटले, आणि पाचही गोळ्या मातीत गेल्या. मर्ल पोट धरून हसला. "टेकडी मेली बघ!" मग तिलाही हसू आलं. पण घरी जाताना ती पुरती गोंधळलेली होती. एकीने उशीर झाला, दुसरीने घाई झाली. दोष कुणाचा?

पुढे मर्लचा डोळा ठणकायला लागला, म्हणून ती एकटीच निघाली. जाताना जुनी रायफल उचलली, कारण ती दाराजवळ होती. पिपाणी तिनेच वाजवली. जोडी समोरूनच आली. नर थांबला, तिने श्वास सोडला, चाप ओढला. नर जागच्या जागी कोसळला. एकच गोळी.

मादी मात्र पळाली नाही. नराला हुंगत उभी राहिली. रायफलीवरच्या दुर्बिणीतून तिची दुधाने ओथंबलेली आचळं दिसली. रोवीनाचा हात बोल्टपर्यंत गेला, आणि तिथेच राहिला. मादी वळली, घळीत उतरली.

"दुसरी निसटली," तिने घरी सांगितलं. "बोल्ट ओढायला उशीर झाला."

"एक तरी पाडलास!" मर्ल खूश झाला. "बोल्टचीच ठेवू मग."

दोन-तीन दिवस शांततेत गेले. मग एका सकाळी कुंपणालगत कोकराचे नुसते पाय सापडले. त्याची आई तिथेच ओरडत फिरत होती. रोवीना तिच्याकडे बघत राहिली, आणि आत येऊन कॉफी पिणाऱ्या मर्लला म्हणाली, "उशीर झाला नव्हता. मी ओढलाच नाही बोल्ट. बहुतेक. नक्की मलाच सांगता येत नाहीये."

मर्लने कप खाली ठेवला. "मग कुठलीही रायफल घे. काय फरक पडतो?"

"फरक पडत नाही कसा? बोल्ट ओढताना विचार करायला वेळ मिळतो. तो मला हवाय की नकोय, तेच कळत नाहीये!"

त्याने तिच्या कपात कॉफी ओतली.

त्याच दुपारी तिने वेंडेलकडून सेमी-ऑटोमॅटिक विकत घेतली. "अखेर पटलं तर!" तो म्हणाला. ती "हो" म्हणाली, पण काय पटलं ते तिने सांगितलं नाही. पुंगळीची सवय व्हावी म्हणून कोठारामागे रिकाम्या डब्यांवर ती रोज गोळ्या झाडायची. हळूहळू डोळे उघडे राहायला लागले.

त्यानंतर मर्ल सोबत असताना मादी आली, ती एकटी, सावध, लांबूनच. पहिली गोळी तिच्या पायाशी माती उडवून गेली. रोवीनाचं बोट दुसऱ्यांदा कधी दाबलं गेलं ते तिला कळलंही नाही. मादी पडली.

"बघितलंस?" मर्ल म्हणाला. "वेंडेल आता बढाया मारून आपल्याला जगू देणार नाही." मग तिचा चेहरा बघून आवाज उतरवून म्हणाला, "बिळात पिल्लं असतील, रो. उपाशी मरण्यापेक्षा... ते मी बघतो. तू येऊ नकोस."

"येणार आहे मी," रोवीना म्हणाली.

तिने रायफल रिकामी केली आणि गवतातून दोन्ही पुंगळ्या शोधून खिशात टाकल्या. ठरवावं न लागता सुटलं म्हणून बरं वाटत होतं, आणि बरं वाटतंय याचा रागही येत होता. कोठारात आईवेगळी कोकरं दुधाच्या बाटलीसाठी ओरडायला लागली होती. आधी त्यांना पाजू, मग घळीत उतरू, असं ती म्हणाली, आणि दोघं खाली निघाले.