नाव न सांगणारा स्कॅनर

ऑफिसात त्यांना सगळे पोस्टमास्तर म्हणत. पोस्टाशी त्यांचा काडीचा संबंध नव्हता. वजनकाटे बनवणाऱ्या आणि दुरुस्त करणाऱ्या त्या कंपनीचा मेल सर्व्हर ते सांभाळायचे, आणि ज्याची मेल पोचली नाही तो उठसूट त्यांच्या दारात येऊन उभा राहायचा, म्हणून हे नाव. पोचलेल्या मेलबद्दल सांगायला कोणी येत नाही. त्यामुळे इतकी वर्षं ते फक्त न पोचलेल्या गोष्टीच ऐकत आले होते. अशाने माणूस थकतो, आणि ते थकले होते.

त्यांची खोली तळमजल्यावर, बिनखिडकीची. यंत्रांना थंडावा लागतो म्हणून तिथे बारा महिने एसी, आणि एसी म्हणून पोस्टमास्तरांच्या अंगात बारा महिने तोच राखाडी स्वेटर. बायकोची नोकरी दुसऱ्या शहरात होती आणि मुलगी तिच्याजवळ. शनिवारी ते बस पकडायचे, रविवारी सकाळी आंबलेल्या अंगाने घरी पोचायचे, दुपारी झोपायचे आणि संध्याकाळी परत निघायचे. मुलगी आता सातवीत होती. बाबा आले की झोपतात, यापलीकडे बापाबद्दल तिला ठाम असं काही सांगता आलं नसतं.

अशात त्या शहरातल्या शाखेत एक जागा निघाली. शाखाप्रमुखाच्या हाताखाली पडेल ते काम करायचं, पगार आहे तोच. ज्याला जायचंय त्याने सही केलेला अर्ज स्कॅन करून शुक्रवारी दुपारपर्यंत मोठ्या साहेबांना मेल करावा. जास्त अर्ज आले तर ज्याची नोकरी जास्त झाली असेल त्याला आधी. बायको फोनवर म्हणाली, "हे बघ, मी काही आशा धरत नाही." मग दोन मिनिटांनी म्हणाली, "मागच्या खोलीत तुझं टेबल बसेल. मी मोजून बघितलं."

गुरुवारी संध्याकाळी ते उठणार एवढ्यात मोठ्या साहेबांचा फोन आला. साहेब मुख्य कार्यालयात बसून उंटावरून शेळ्या हाकत.

"पोस्टमास्तर, सकाळपासून मला गुडघेदुखीच्या आणि टकलावर केस उगवण्याच्या जाहिराती येताहेत. हे काय चाललंय?"

"बघतो, साहेब."

"बघू नका, बंद करा. आजच्या आज."

मेल पाठवणारं यंत्र सर्व्हरच्या दारात आलं की सगळ्यात आधी आपलं नाव सांगतं. नमस्कार, मी अमुक. या नमस्काराला त्या धंद्यात 'हेलो' म्हणतात. सर्व्हर उलट म्हणतो, नमस्कार अमुक, भेटून आनंद झाला. आमच्या पोस्टमास्तरांचा सर्व्हर खरोखरच असं लिहून पाठवायचा. ज्याने तो पहिल्यांदा बनवला तो चांगल्या वळणाचा माणूस असावा. मात्र सांगितलेलं नाव खरं की खोटं याच्या खोलात सहसा कोणी शिरत नाही. तर पोस्टमास्तरांनी त्या संध्याकाळी सर्व्हरला एक नवा नियम घालून दिला: ज्याला आपलं पूर्ण नाव धड सांगता येत नाही, त्याला दारातूनच परत पाठव.

नियमात वाईट काही नव्हतं. पण सर्व्हर नियम वरून खाली वाचतो, आणि पहिला जो लागू पडेल तो धरून बसतो. 'आपल्याच ऑफिसातली यंत्रं बिनबोभाट आत येऊ दे' ही जुनी ओळ वर राहायला हवी होती आणि नवी तिच्या खाली. डोळे मिटत होते, पाठ भरून आली होती. पोस्टमास्तरांनी नवी ओळ सगळ्यात वर चिकटवली, दिवा मालवला आणि घरी गेले.

शुक्रवारी सकाळी पहिल्या मजल्यावरच्या स्कॅनरपाशी ते अर्ज घेऊन उभे होते, तर मागे स्टोअर सांभाळणाऱ्या काकू येऊन थांबल्या. काकू म्हणजे ऑफिसातल्या सगळ्यांत जुन्या. कोणता बोल्ट कोणत्या खणात हे त्या झोपेतही सांगतील. त्यांच्या नवऱ्याला वर्षापूर्वी अर्धांगवायूचा झटका आला होता. तेव्हापासून ते त्याच दुसऱ्या शहरात, काकूंच्या नणंदेकडे पडून होते. इकडे दिवसभर त्यांच्याजवळ बसणार कोण? हे सगळ्यांना ठाऊक होतं. पोस्टमास्तरांच्या ध्यानात एवढंच आलं नव्हतं, की अर्ज काकूही करतील.

"तुम्हीपण?" काकूंनी त्यांच्या हातातला कागद बघून विचारलं आणि हसल्या. "चला, दोघांतल्या एकाचं तरी भलं होईल."

पोस्टमास्तरही हसले. पण नोकरीच्या वर्षांत काकू त्यांच्या कितीतरी पुढे होत्या. म्हणजे भलं कोणाचं होणार हे तिथेच, रांगेत उभं असतानाच ठरलं होतं. तरी त्यांनी आपला अर्ज यंत्रात घातला, पडद्यावर आपला पत्ता निवडला, साहेबांचा निवडला, हिरवं बटण दाबलं. मग काकूंना जागा दिली, वर कोणतं बटण आधी हेही दाखवलं.

दुपारी काकू खाली आल्या. "पोस्टमास्तर, माझी मेल पोचली असेल ना हो?"

ते कुणाचा तरी विसरलेला पासवर्ड बदलत होते. मान वर न करता म्हणाले, "पोचली असणार. पोचली नसती तर परत आली असती."

हे उत्तर ते दिवसातून चार वेळा देत, आणि एरवी ते खरंही असे.

सोमवारी सकाळी हिशेब विभागातून तक्रार आली, की स्कॅनरवरून काहीच जात नाहीये. पोस्टमास्तरांनी सर्व्हरच्या नोंदी उघडल्या. शुक्रवार सकाळपासून सर्व्हर स्कॅनरला दारातूनच हाकलत होता. विचारलं, नाव काय? तर स्कॅनर म्हणायचा, 'लोकलहोस्ट'. म्हणजे, मी इथलाच. घरच्या माणसाने दार वाजवावं, आपण आतून 'कोण?' विचारावं आणि त्याने 'अगं, मीच' म्हणावं, तसं. घरच्या माणसाला आपण तेवढ्यावर दार उघडतो. सर्व्हरने उघडलं नाही. गुडघेदुखीवाले मात्र लांबलचक, शुद्ध, पूर्ण नावं सांगून खुशाल आत जात होते. चोर सोडून संन्याशाला सुळी.

नोंदीत पाठवणाऱ्याचा आणि घेणाऱ्याचा पत्ता असतो. शुक्रवारच्या ओळींत पोस्टमास्तरांचा पत्ता होता, लगेच खाली काकूंचा; दोन्हींपुढे साहेबांचा, आणि दोन्हींपुढे 'नाकारलं'. दारातूनच परत फिरवलेली मेल सर्व्हरच्या हाती लागतच नाही, मग तो ती परत तरी कशी पाठवणार? ती स्कॅनरकडेच राहते, आणि स्कॅनर बिचारा 'पाठवता आलं नाही' अशी चिठ्ठी छापून आपल्या ट्रेमध्ये टाकतो. त्या चिठ्ठ्या आजवर कोणी वाचल्या नव्हत्या. लोक त्या चहाच्या कपाखाली ठेवत.

पोस्टमास्तरांनी आधी दोन ओळींची अदलाबदल केली. एवढंसं काम. स्कॅनर लगेच सुरळीत चालू झाला. मग ते खुर्चीत मागे रेलले आणि छताकडे बघत बसले.

साहेबांना फोन करायचा. म्हणायचं, साहेब, चूक माझी, शुक्रवारी दोन अर्ज आले होते, दोन्ही घ्या. साहेब दोन शब्द सुनावतील आणि दोन्ही घेतील. मग जागा काकूंची. किंवा गप्प बसायचं. मग जागा तिसऱ्याच कोणाची. तेलही गेलं, तूपही गेलं. आणखी एक रस्ता होता. तो त्यांना सगळ्यात आधी दिसला होता, आणि आपल्याला तो सगळ्यात आधी दिसला याचीच त्यांना लाज वाटली.

दुपारी ते वर गेले आणि आपला अर्ज पुन्हा स्कॅन करून आपल्याच संगणकावर घेतला. माणसं जेवायला गेली होती. खाली येऊन त्यांनी संगणकावरचा, हुकूम टाइप करायचा काळा पडदा उघडला. मेल पाठवायला यंत्रच लागतं असं नाही. जाणकार माणूस यंत्राच्या जागी बसून सर्व्हरशी हाताने बोलू शकतो. पोस्टमास्तर जाणकार होते. त्यांनी नमस्कार टाइप केला आणि पुढे स्कॅनरचं नाव घातलं, या खेपेला पूर्ण, व्यवस्थित नाव. नमस्कार, सर्व्हर म्हणाला, भेटून आनंद झाला. मग कोणाकडून, कोणाला. मग तारीख. मेलच्या माथ्यावरची तारीखही पाठवणाराच सांगतो, आणि साहेबांच्या संगणकावर मेल त्याच तारखेने रांगेत लागतात. त्यांनी शुक्रवार सकाळ घातली, खाली अर्ज जोडला.

इथे ते थांबले. काकूंचा विचार मनात आला नाही असं कसं म्हणावं? आला. नणंद आता स्वतःच सत्तरीची, तिच्याच्याने भावाला उचलवत नाही, हे काकू परवाच जिन्यात सांगत होत्या. पण त्याच वेळी मागच्या खोलीतलं टेबल डोळ्यांपुढे आलं, आणि बसमधली ती सीट, जिच्यावर मान कुठेही टेकवली तरी दुखतेच. आपण किती थकलोय हे त्यांना त्या क्षणी इतकं स्पष्ट कळलं, की रडू येईल असं वाटलं. बोट खाली गेलं. स्वीकारलं, सर्व्हर म्हणाला.

मंगळवारी साहेबांचा फोन आला. "अभिनंदन. तुमच्या ऑफिसातून एकच अर्ज होता. शुक्रवारीच आला होता म्हणे, जाहिरातींच्या गर्दीत माझ्या नजरेतून सुटला. पुढच्या महिन्यात रुजू व्हा. आणि हो, त्या जाहिराती अजून येताहेत."

त्यांनी बायकोला फोन लावला. ती म्हणाली, "नक्की ना? लेखी आलंय?"

"लेखी येतंय."

"थांब, हिला सांगते." पलीकडे फोन खाली ठेवल्याचा आवाज, मग पावलं, मग मुलगी धापा टाकत आली. "बाबा, म्हणजे तुम्ही सोमवारीपण असणार?"

"असणार."

"मंगळवारीपण?"

"रोज," ते म्हणाले. इतक्या वर्षांत आपण घरी दिलेली ही पहिली चांगली बातमी, असं त्यांच्या मनात आलं. आनंद झाला होता. तो खोटा नव्हता.

दुसऱ्या दिवशी काकू त्यांच्या खोलीत आल्या. थंडीने पदर खांद्यांवरून लपेटून घेत समोरच्या स्टुलावर बसल्या.

"नशीब काढलंत," त्या म्हणाल्या. "खरंच बरं वाटलं. मुलगी मोठी व्हायच्या आत जाताय."

"काकू..."

"माझंच चुकलं. तुम्ही एवढं दाखवून दिलं होतं, तरी बोट कुठेतरी भलतीकडे लागलं असणार. साहेबांना फोन केला मी. ते म्हणाले, तुमचा अर्जच नाही." त्या हसल्या, पण ते हसणं जमलं नाही. "यांना सांगून बसले होते हो मी. बोलता येत नाही, पण ऐकतात सगळं. नणंद म्हणते, एक बटण दाबता येत नाही तुला. बरोबरच आहे तिचं. आयुष्य बोल्ट मोजण्यात गेलं, बटणं कुठून येणार?"

पोस्टमास्तरांना वाटलं, ही बाई चिडली असती तर बरं झालं असतं. चिडलेल्या माणसांची त्यांना सवय होती. न पोचलेल्या मेलवरून रोज कोणी ना कोणी त्यांच्यावर ओरडतच असे. पण न केलेल्या चुकीची माफी मागत समोर बसलेलं माणूस त्यांना सहन होईना.

"तुमचं बोट कुठेही चुकलं नाही," ते म्हणाले. "तुम्ही अर्ज अगदी बरोबर पाठवला होता. त्या दिवशी स्कॅनरवरून आलेली एकही मेल सर्व्हरने आत घेतली नाही. माझा नियम चुकला होता. तुमच्याकडे बोट दाखवायला जागाच नाही, काकू. नणंदेला तसं सांगा."

एवढं बोलून त्यांना जरा हलकं वाटलं. निम्मं सांगून टाकलं होतं, आणि निम्म्याने भागेल अशी वेडी आशा त्यांनी धरली.

काकू ऐकत होत्या. कपाळावर एक आठी आली. एखादी वस्तू खणात असायला हवी आणि नाही, असं झालं की त्या जशा थांबायच्या, तशा थांबल्या.

"एकही नाही?"

"एकही नाही."

"पण तुमचाही तिथूनच गेला ना? माझ्या पुढेच होतात तुम्ही." त्या सावकाश म्हणाल्या. "मग तुमचा कसा पोचला?"

खोटं बोलता आलं असतं. काकूंना यंत्रातलं काही कळत नव्हतं, काहीही सांगितलं असतं तरी पटलं असतं. नेमकं त्यामुळेच पोस्टमास्तरांच्या तोंडून ते निघेना.

"सोमवारी मी तो हाताने आत घातला," ते म्हणाले. "शुक्रवारची तारीख टाकून."

काकू उठल्या नाहीत. ओरडल्या नाहीत. पदर तेवढा आणखी घट्ट ओढून घेतला आणि त्यांच्याकडे बघत राहिल्या.

"आणि माझा?" त्यांनी विचारलं.