सहा दिव्यांची खिडकी

आगमनकाळात, म्हणजे नाताळाआधीच्या चार आठवड्यांत, मी दुपारची घंटा होईपर्यंत बोलत नाही. लग्नाच्या आधीपासूनचं व्रत आहे. पहाटे उठायचं, बायबलमधलं त्या दिवसाचं वचन वाचायचं, आणि चर्चची घंटा होईपर्यंत ते मनात घोळवत राहायचं. गोटहोल्डला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, हे व्रत फार आवडतं. "आगमनकाळ वर्षभर का नसतो गं, अन्नेरोझ?" असं तो दरसाल विचारतो, आणि नेमकं सकाळीच विचारतो, म्हणजे मला उत्तर देता येत नाही.

यंदा माझ्याजवळही एक प्रश्न होता. पण तो सकाळी सकाळी वर यायचा, आणि घंटा होईपर्यंत त्यातला जोर निघून जायचा.

उन्हाळ्यात डोंगरावरच्या हॉटेलातून पीटरसनबाई आल्या तेव्हापासून सांगते. बाई हॅम्बुर्गच्या, समुद्राकडच्या. आमच्या लाकडी खेळण्यांच्या कारखान्यात आल्या, भुसा चुकवत चुकवत उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "नाताळात हॉटेलच्या दर्शनी बाजूच्या प्रत्येक खिडकीत आम्हाला एक देवदूत आणि एक खाणकामगार हवा. दोघांच्या दोन्ही हातांत दिवे. मेणबत्त्या नकोत, विजेचे."

गोटहोल्डने लेथ थांबवला. "प्रत्येक खिडकीत? पोरं कुणाची आहेत?"

"कसली पोरं?"

"बाई, घरात मुलगा असला की खिडकीत खाणकामगार ठेवतात, मुलगी असली की देवदूत. जितकी मुलं तितक्या बाहुल्या. रस्त्यावरून जाणाऱ्याला कळतं, या घरात कोण कोण आहे. तुमच्या हॉटेलात कोण जन्मलंय?"

पीटरसनबाई हसल्या. "नॉयबर्टसाहेब, पाहुण्यांना फक्त छान दिसायला हवं. दोन्ही बाजूंना सारखं."

"सारखं," गोटहोल्ड म्हणाला, आणि लेथ पुन्हा सुरू केला. पण काम घेतलं. उन्हाळाभर तो खोडं कातत होता आणि मी चेहरे रंगवत होते. देवदूत जितके, तितकेच खाणकामगार. चेहरे मी रंगवलेले, त्यामुळे हे मला पक्कं ठाऊक होतं.

आमच्या स्वतःच्या खिडकीत नाताळात आता नुसता देवदूत असायचा. आमच्या क्रिस्टेलचा. ती लग्न होऊन गेली तरी तिचा देवदूत दर वर्षी उभा राहतो. आमच्या मुलाचा, फाइटचा, खाणकामगार मात्र माळ्यावरच्या पेटीत होता.

ते असं झालं होतं. गोटहोल्ड कडी काततो. ओल्या स्प्रूसच्या खोडाची चकती लेथवर चढवून तिचं कडं कातायचं; बाहेरून ते नुसतं वेडंवाकडं कडं दिसतं, पण पावासारखं कापलं की प्रत्येक फोडीत घोडा निघतो. फोडेपर्यंत आत काय आहे ते कुणालाच दिसत नाही, फक्त हाताला कळतं. फाइटने पहिल्यांदा एकट्याने कडं कातलं, त्या दिवशी हॉटेलची माणसं कारखाना बघायला आली होती. गोटहोल्डने सगळ्यांसमोर छिन्नी मारली, फोड उचलली आणि म्हणाला, "वा! माझ्या मुलाने डुक्कर काढलंय!" मान आखूड झाली होती, पोट सुटलं होतं. आणि एक फोड डुक्कर निघाली की त्या कड्यातल्या सगळ्याच फोडी डुकरं. लोक पोट धरून हसले. गोटहोल्डही हसला. त्याच्या बापाने त्याचं पहिलं कडं फोडलं तेव्हा कुत्रे निघाले होते. तो बापही असाच हसला होता. गोटहोल्डला वाटलं, रीतच आहे.

फाइट हसला नाही. एप्रन काढून ठेवला आणि म्हणाला, "या घरात मी पुन्हा पाय ठेवणार नाही."

गोटहोल्ड म्हणाला, "मग या घराच्या खिडकीत तुझा खाणकामगारही उभा राहणार नाही."

झालं. आमच्याकडे माणूस बोलला की बोलला. फाइट लाइप्झिगला जाऊन दारं-खिडक्या बसवायला लागला. दर बुधवारी, बाप चर्चच्या बँडमध्ये तुतारी वाजवायला गेला की, मला फोन करायचा. बाप कसा आहे ते विचारायचा नाही, पण मी सांगेपर्यंत फोनही ठेवायचा नाही.

आता खिडकीची गोष्ट. आगमनाच्या पहिल्या रविवारी संध्याकाळची प्रार्थना झाली आणि आम्ही सगळे चर्चसमोर उभे राहिलो, कारण हॉटेलचे दिवे लागणार होते. ते लागले. काळ्या डोंगरावर प्रत्येक खिडकीत चार-चार ठिपके.

आमचा बेकरीवाला म्हणाला, "पीटरसनबाईंकडे बाळंतपणं जोरात झालेली दिसतायत! एक मुलगा, एक मुलगी, घरोघर सारखंच. आणि ते बघा, तिसऱ्या मजल्यावर एक पोर जास्तीचं!"

सगळे हसले. मी वर पाहिलं. खरंच, तिसऱ्या मजल्यावर डावीकडच्या टोकाच्या खिडकीत सहा ठिपके होते. त्यातले दोन जरा पिवळट, जुन्यासारखे.

मी गोटहोल्डकडे पाहिलं. तो तुतारीतली थुंकी झटकत होता.

घरी आल्यावर मी माळ्यावर गेले. पेटी उघडली. फाइटच्या बाप्तिस्म्याच्या फ्लॅनेलच्या दुपट्यात मी त्याचा खाणकामगार गुंडाळून ठेवला होता. दुपटं होतं. चार कोपरे जुळवून घडी घातलेलं. आत काही नव्हतं.

ही घडी गोटहोल्डची असणं शक्य नव्हतं. त्याने जन्मात रुमालाची घडी घातलेली नाही. तो सगळं बोळा करून कोंबतो. घडी घालतो तो फाइट. मग फाइट घरात येऊन गेला? पाय ठेवणार नाही म्हणालेला मुलगा? आपली बाहुली घेऊन गेला आणि वर हॉटेलात जाऊन राहिला? आणि बुधवारी फोनवर तर म्हणाला, लाइप्झिगला चिखल झालाय. की तो खोटं बोलला? माझ्याशी?

त्यानंतरचे दिवस माझे असे गेले की काय सांगू. सकाळी वचन वाचायचे आणि त्याचा अर्थच लागायचा नाही. 'ऊठ, प्रकाशमान हो' असं वाचलं की मला तिसरा मजला दिसायचा. देवदूताच्या ओठांवर लाल रंग लावायच्या जागी मी नाकावर लावला. गोटहोल्ड म्हणाला, "याला सर्दी झालीय वाटतं." घंटा व्हायची होती, म्हणून मी गप्प. घंटा झाल्यावरही गप्पच. फाइट वर आलेला असेल आणि मीच बापाजवळ बोलून बसले तर? आणि आलेला नसेल तर हा प्रश्न तरी कोणत्या तोंडाने विचारायचा?

शेवटी हॉटेलातून एक देवदूत दुरुस्तीला आला होता, पंख तुटलेला. तो चिकटवून मी स्वतः घेऊन निघाले. दुपारच्या बसने.

वर खोल्यांची व्यवस्था झ्देंका बघते. सरहद्दीपलीकडून, बोहेमियातून रोज येते. तोंडाने फटकळ, मनाने लोणी. मी पंख दाखवला आणि हळूच विचारलं, "तिसऱ्या मजल्यावर, डावीकडच्या टोकाला, कोण उतरलंय गं?"

"त्या खोलीत? कुणी नाही. तिथला नळ गळतो. दुरुस्त होईपर्यंत कुणाला देत नाहीत."

"एक तरुण माणूस नाही? उंच? रुमालाच्या घड्या घालणारा?"

झ्देंकाने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मला भोवळच आलीय. "बाई, बसा आधी. असा माणूस माझ्या हॉटेलात उतरला असता तर मी त्याच्याशी लग्न केलं असतं."

"मग तिथे तिसरी बाहुली कुणी ठेवली?"

"अहो, कुणी म्हणजे? तुमच्याच माणसाने!" ती म्हणाली. "वायरी बसवायला आले तेव्हा पिशवीतून काढून ठेवली. मी म्हटलं, नॉयबर्टसाहेब, ही जास्तीची झाली. तर म्हणाले, राहू दे. पीटरसनबाई तर रोज डोकं खातात, एका खिडकीत तीन कसे, काढ ते. मी काढते. साहेब येतात, दिवे तपासायचंय म्हणतात, आणि जाताना तो पुन्हा जागेवर! मला चार लाकडी धूपवाले म्हातारे दिलेत लाच म्हणून. त्यांच्या तोंडातून धूर निघतो ना, तेच. आता बहिणीलाही एक हवाय."

तिने मला खोली दाखवली. खिडकीत तो उभा होता. काळी टोपी, पांढरी विजार, आणि मी फाइटच्या डोळ्यांकडे बघून रंगवलेले तपकिरी डोळे. बाकी सगळ्यांचे निळे आहेत. मेणबत्तीच्या खोबणीत नीट बारीक वायर घातली होती. पाठ खोलीकडे, तोंड खाली, गावाकडे.

मी बसमध्ये बसले आणि मला रडू फुटलं. माझा गोंधळ कमी व्हायच्या ऐवजी दुप्पट झाला. म्हणजे फाइट आला नव्हता. आणि याने माझ्या मुलाचा खाणकामगार घरातून उचलून परक्यांच्या दारात नेऊन ठेवला! पेटीतही राहू दिला नाही. जिथे कुणी राहत नाही, नळ गळतो, त्या खोलीत. एवढा राग? पण मग ते पुन्हा पुन्हा जाऊन ठेवणं? रागावलेला माणूस एकदा टाकतो आणि विसरतो. लाच कशाला देईल? आणि ती घडी? मी देवाला म्हटलं, बाबा, माझ्या बुद्धीला हे झेपत नाही, तूच काय ते बघ.

घरी पोचले तर अंधार पडला होता. कारखान्यात दिवा नव्हता. मला वाटलं, गोटहोल्ड बाहेर गेला. कॉफीची किटली ठेवायला आत गेले तर तो लेथजवळ स्टुलावर बसलेला. लेथ बंद. आणि लेथची जागा बदललेली! इतकी वर्षं भिंतीकडे तोंड असलेला लेथ मागच्या खिडकीकडे फिरवला होता.

"हा कधी फिरवलास?" मी विचारलं.

"झाले थोडे दिवस. इथून उजेड बरा येतो."

"अंधारात कसला उजेड, गोटहोल्ड?"

मी त्याच्या मागे उभी राहिले आणि त्याच्या डोक्यावरून बाहेर पाहिलं. मागच्या खिडकीतून आमचा गोठा दिसतो, त्यामागे स्प्रूसची रांग, आणि त्या रांगेत एक झाड मागच्या वादळात पडलंय. त्या फटीतून डोंगर दिसत होता. हॉटेल पुरं दिसत नव्हतं. फक्त डावीकडचं टोक दिसत होतं. सहा दिवे.

'या घराच्या खिडकीत' असं तो म्हणाला होता. माझ्या डोक्यात ते तेव्हा कुठे शिरलं. दुपट्याची ती घडीही त्यानेच घातली होती, जन्मात पहिल्यांदा. व्रत पाळणाऱ्या बाईला हे आधी कळायला हवं होतं. शब्द मोडायचा नाही, पण तो जिथे संपतो त्याच्या एक पाऊल पुढे जाऊन उभं राहायला कुणाची बंदी असते?

"कॉफी गार होईल," मी म्हटलं.

"होऊ दे," तो म्हणाला.

बुधवारी फाइटचा फोन आला. मी सगळं सांगितलं. खिडकी, झ्देंका, धूपवाले म्हातारे, लेथ.

"आई," तो म्हणाला, "म्हणजे मी हॉटेलात राहतोय?"

"तिसऱ्या मजल्यावर."

"आणि नळ गळतो म्हणालीस."

"झ्देंका म्हणते तसं."

"बाबांनी विचारलं का माझ्याबद्दल?"

"नाही. तू विचारलंस का त्यांच्याबद्दल?"

तो हसला. कडं फोडल्या दिवसापासून मी ते हसू ऐकलं नव्हतं. मग म्हणाला, "मी त्या घरात पाय ठेवणार नाही म्हणालो होतो. हॉटेलबद्दल काही बोललो नव्हतो." आणि फोन ठेवला. म्हणजे काय, येणार की नाही, ते काही सांगितलं नाही. दोघे बापलेक एकाच खोडाचे.

मी गोटहोल्डला काही बोलले नाही. बोलायचं तरी काय? मलाच ठाऊक नव्हतं.

तिसऱ्या रविवारी दुपारी बटाट्याचे गोळे आणि ससा असं जेवण झालं. गोटहोल्डने डुलकी घेतली, मग अंधार पडायला लागला तसा कारखान्यात गेला. रविवारी तो हत्याराला हात लावत नाही, नुसता बसायला जातो. मी दार लोटून आत पाहिलं. तो उभा होता. खिडकीत सहा दिवे होते, आणि त्यांच्या मागे खोलीतला दिवाही लागला होता. त्या उजेडात कुणीतरी उभं होतं. उंच. इतक्या लांबून चेहरा कसला दिसतोय! ते कुणीही असू शकत होतं, नळ दुरुस्त करणारा माणूसही.

गोटहोल्डने खुंटीवरची टोपी घेतली.

"कुठे?"

"हॉटेलवर. त्या वायरी एकदा बघायला हव्यात."

"आज रविवार आहे."

"वायरींना काय कळतं रविवार?" तो म्हणाला. दारापर्यंत गेला, परत फिरला, रंगकामाच्या माझ्या कपाटाचा खालचा खण ओढला. तिथे मी काय ठेवते हे त्याला माहीत आहे असं मला कधी वाटलं नव्हतं. त्या फजितीच्या कड्यातल्या दोन-चार फोडी मी गुपचूप रंगवून ठेवल्या होत्या, आणि त्यांच्याशेजारीच त्याचे स्वतःचे घोडे होते. त्याने एक उचलून कोटाच्या खिशात टाकला आणि बर्फात उतरला.

मी खिडकीत जाऊन त्याला चढावरून जाताना बघत राहिले. त्याने घोडा नेला की डुक्कर, ते अंधारात मला नीट दिसलं नाही. खण मी अजून उघडून पाहिलेला नाही.