चौथा सोबती

लोभाने किंवा रागाने केलेली चूक माणूस मनातल्या मनात तरी ओळखतो. श्रद्धेने केलेली चूक मात्र पुण्याचे वस्त्र पांघरून बसते. तिच्यामुळे दुसऱ्याला दोष लागू लागला, तरी ती आपली आहे हे करणाऱ्याला चटकन पटत नाही. ते वस्त्र आपल्याच हाताने, चारचौघांसमोर दूर करावे की नाही, हा प्रश्न गंगूबाईंपुढे बहरीनच्या दक्षिणेकडील वाळवंटात एका शनिवारी सकाळी उभा राहिला. प्रश्न अवघड होताच, आणि दोष लागत होता तो जावयाला, म्हणून तो अधिकच अवघड झाला होता.

गंगूबाई गुहागरकडच्या. यजमान गेल्यानंतर लेक आणि जावई त्यांना न्यायला गावी आले, आणि थंडीचे दिवस त्यांनी बहरीनमधल्या सनाबिसच्या फ्लॅटमध्ये काढावेत असे ठरले. लेक स्मिता सित्राच्या एका कारखान्यात इन्स्ट्रुमेंट इंजिनिअर होती. जावई विवेक एका बँकेत अकाउंट्स पाहत असत. ते पुण्याचे, आणि पुण्याचे असूनही कमी बोलणारे. जावयाच्या घरी राहायचे म्हणून गंगूबाई सुरुवातीला पाण्याचा पेलासुद्धा विचारून घेत. शेवटी विवेकच एकदा म्हणाले, "आई, नळाला माझी परवानगी लागत नाही हो."

त्या घरातला सोफा भिंतीला लावून ठेवला होता, कारण हॉलच्या मधोमध रॉकेट होते. माणसाच्या खांद्याइतके उंच, लाल आणि पांढरे. खोक्यातून नळ्या, लाकडी कड्या आणि पंख आले होते, आणि हिवाळाभर नवराबायको ते जोडत बसले होते. गणित स्मिताचे, गोंद, घासकाम, फटींत पुट्टी भरणे आणि रंग हे विवेकांचे. गंगूबाईंना आधी वाटले की दिवाळीतल्या रॉकेटाचा हा थोरला भाऊ असावा.

"थोरला भाऊ नाही, आजोबा आहे," स्मिता म्हणाली. "आणि आई, याला हात लावायचा नाही हं. तुझ्या बरण्या पुसतेस तसं पुसायचंही नाही."

"मी कशाला लावत्ये हात? मला काय त्यातलं कळतंय?"

एका रात्री जेवताना स्मिताने समजावून सांगितले. रॉकेटच्या बुडाशी तीन मोटरी, म्हणजे दारू भरलेली नळकांडी, बसायच्या होत्या. "तिन्ही एकदम पेटल्या पाहिजेत, आई. दोन पेटल्या आणि एक रुसून बसली, तर तोल गेलाच म्हणून समज. खरी परीक्षा तीच."

गंगूबाईंचा घास हातातच राहिला. "तीनच?"

"तीनच."

त्यांच्या सासरी तिघे मिळून कधी घराबाहेर पडत नसत. पडावेच लागले, तर सासूबाई अंगणातून एक खडा उचलून हातात देत: हा चौथा, याला सोबत न्या. एकदा तर त्या खडा घेऊन थेट तरीच्या धक्क्यापर्यंत धावत आल्या होत्या, आणि होडी सुटता सुटता त्यांनी तो आत फेकला होता. गावाहून बहरीनला निघतानाही लेक, जावई आणि आपण असे तिघेच, हे ध्यानात येताच गंगूबाईंनी पऱ्ह्यातला, म्हणजे ओढ्यातला, एक काळा, गुळगुळीत, लिंबाएवढा गोटा गुपचूप पिशवीत टाकला होता. प्रवास सुखरूप झाला. गोटा आता बाल्कनीतल्या तुळशीच्या कुंडीत विसावला होता.

उड्डाणाच्या आदल्या दिवशी दोघे सीफच्या मॉलमध्ये गेलेले पाहून गंगूबाईंनी तो गोटा धुतला आणि त्याला हळदीकुंकवाचे बोट लावले. रॉकेटच्या बुडाशी नळ्या आणि बाहेरची भिंत यांच्यामध्ये एक खोलगट जागा राहिली होती. गोटा तिथे अचूक बसला. खडखडू नये म्हणून त्यांनी त्याच्याभोवती पोळ्यांची उरलेली कणीक थापली. रॉकेटला हात लावायचा नाही, हे त्यांनी कसोशीने पाळले. हात त्यांनी फक्त गोट्याला लावला होता.

दुसऱ्या दिवशी वाळवंटात रॉकेट उडवणाऱ्या क्लबची बरीच मंडळी जमली होती. उड्डाणाची परवानगी दुपारपर्यंतच होती. मैदानाची जबाबदारी अरादच्या हुसेनकडे होती. हिंदुस्थानी मंडळींबरोबर वर्षानुवर्षे काम केल्यामुळे तो सफाईने हिंदी बोले. मोटरी क्लबच्याच ताब्यात असत, आणि त्या मैदानावरच भरायच्या, असा नियम होता. स्मिताने तिन्ही मोटरी बसवल्या, आणि हुसेनने रॉकेटला दोरीचा फास घालून ते अंगावरच्या तोलाच्या खुणेवर लटकवले.

शेपूट खाली गेले.

हुसेनने दोरी मागे सरकवली. खुणेपासून चांगली दोन बोटे मागे आल्यावर रॉकेट आडवे राहिले.

"मॅडम, पीछे भारी है," तो म्हणाला. "ऐसा नहीं छोडेंगे. ऊपर जाके वापस घूमेगा, हमको ढूंढने."

"पण गेल्या आठवड्यात खोट्या मोटरी घालून तोललं होतं. बरोबर खुणेवर होतं!" स्मिताने वाकून बुडाशी पाहिले, आणि तिचा आवाज चढला. "विवेक, हे काय आहे?"

"काय?"

"हा पुट्टीचा गोळा! गणपतीपुढे मोदक ठेवावा तसा ठेवलायस."

विवेकांनी वाकून पाहिले. कणीक वाळून मळकट पांढरी झाली होती. "मी थोडीशी लावली होती खरी. पंखांच्या कडेला."

"थोडीशी? मॅच बघत बघत लावली असशील! किती वेळा सांगितलं, मागचं वजन वाढवू नकोस."

"एवढी लावल्याचं आठवत नाही गं."

"तुला काय आठवतं रे?"

शेजारच्या तंबूतली दोन माणसे मान वळवून पाहू लागली. विवेकांनी टोपी काढली, डोके खाजवले, टोपी पुन्हा घातली. "असेल," ते म्हणाले. "माझ्याच हातून झालं असेल."

ते वाक्य गंगूबाईंच्या काळजात रुतले.

स्मिताने टोकात माती भरून तोल साधण्याचे सुचवले. हुसेनने मान हलवली; एवढे वजन या तीन मोटरींना उचलवणार नव्हते. पुट्टी खरवडावी, तर ती एव्हाना दगडासारखी झालेली असणार, आणि मैदानावर रॉकेटला पाते लावू देणे त्याच्या नियमात नव्हते. "आज खलास. अगले महीने, इंशाल्ला."

स्मिता सामान आवरू लागली. तिचे डोळे भरून आले होते, आणि ते कुणाला दिसू नयेत म्हणून ती नसलेली दोरी शोधत होती.

गप्प राहणे किती सोपे होते! रॉकेट उडणार नव्हते, म्हणजे कुणाला इजा होणार नव्हती. नवराबायकोचे भांडण संध्याकाळच्या चहापर्यंत निवळलेही असते. जावई तर मनात काही ठेवणारे नव्हते. उलट, खरे सांगितले, तर आपली आई अडाणी हे लेकीला परक्या माणसांसमोर ऐकावे लागणार. शिवाय गंगूबाईंच्या मनात आणखी एक भय होते, आणि ते लाजेपेक्षा मोठे होते: गोटा काढला, की रॉकेटमधले ते तिघे सोबतीवाचून निघणार.

त्यांनी जावयाकडे पाहिले. ते बुडाशी वाकून, आपण न केलेल्या चुकीवरून हळुवार बोट फिरवत होते.

"विवेकराव," त्या म्हणाल्या, "ती पुट्टी नाही."

"अं?"

"कणीक आहे ती. काल उरलेली."

स्मिता वळली. "आई, काय म्हणतेस?"

"आत चौथा आहे. तिघे निघणार होते ना गं. मीच ठेवला."

मग विवेकांनी हुसेनला हिंदीत सगळे समजावले. गोटा म्हणजे काय, चौथा कशासाठी, कणीक का. हुसेनने गंभीरपणे ऐकून घेतले. गालातल्या गालात हसू आले असेल, तर त्याने ते दाढीत राहू दिले.

"अम्मा को बोलो, पहले मोटर निकालेंगे," तो म्हणाला. "फिर वो खुद निकालेगी. ब्लेड नहीं, सिर्फ उंगली. यल्ला, चलो, टाइम है."

मोटरी निघाल्या. गंगूबाईंनी बाटलीतले पाणी बोटावर घेऊन कणीक भिजवली आणि हळूहळू सोडवली. गोटा बाहेर आला तेव्हा त्याच्यावरचे कुंकू अजून ओले असल्यासारखे लाल होते. पुन्हा मोटरी भरल्या, पुन्हा दोरी बांधली. रॉकेट खुणेवर, तराजूच्या दांडीसारखे आडवे राहिले.

"मला नुसतं विचारायचं होतंस, आई," स्मिता म्हणाली. आवाजात राग होता, पण तो आता घरचा होता.

"विचारलं असतं, तर तू ठेवू दिलं असतंस का?"

"नसतं!"

"मग?"

विवेकांनी गोटा सदऱ्याच्या टोकाने पुसला आणि सासूबाईंच्या हातात ठेवला. "हा तुमच्याजवळ असू द्या. वर नाही गेला, तरी सोबत करील ना?"

या प्रश्नाचे उत्तर गंगूबाईंना त्यांच्या सासूबाईंनी कधी शिकवले नव्हते. "करील हो," त्या म्हणाल्या. "एवढा समुद्र ओलांडून माझ्यासोबत आलाय. इथून तिथवर नजर टाकायला त्याला काय जड?"

रॉकेट उड्डाणाच्या उभ्या लोखंडी पट्टीवर, रेलवर, चढले. तारा जोडल्या गेल्या, आणि सगळे दूर जाऊन थांबले. हुसेनने बटणाची पेटी स्मिताकडे दिली. तिने ती हातात घेतली, आणि विवेकांपुढे धरली.

"तू दाब."

"माझं काम पुट्टीचं."

"दाब म्हणते ना!" मग खालच्या आवाजात, "मी उगाच बोलले तुला."

"मॅच बघत होतो, ते मात्र खरं," विवेक म्हणाले, आणि त्यांनी बटण दाबले.

तिन्ही मोटरी पेटल्या. निदान गंगूबाईंना दिसला तो एकच प्रकाश, आणि छातीत घुमणारा एकच नाद. रॉकेट सरळ वर गेले, लहान होत होत निळ्या आभाळात बोटभर राहिले, मग तेवढेही राहिले नाही. गंगूबाईंनी मूठ इतकी आवळली होती की गोटा तळहातात रुतला. मग कुणीतरी ओरडले, आणि उंचावर नारिंगी पॅराशूट एखाद्या फुलासारखे उमलले.

उतरलेले रॉकेट उचलून आणल्यावर, परतताना गाडीत बसायच्या आधी स्मिता दार धरून थांबली.

"आई, आपण तिघंच आहोत. चौथा घेतलास ना?"

गंगूबाईंनी मूठ उघडून दाखवली. गाडी निघाली. मागच्या सीटवर त्या लाल-पांढऱ्या रॉकेटला टेकून बसल्या होत्या. आता त्याला हात लावायला कुणाची मनाई नव्हती. त्यांनी डोळे मिटले आणि मनाशी म्हटले: जे एकत्र पेटतात ते सरळ जावोत, जे एकत्र राहतात ते एकमेकांना सांभाळून घेवोत, अरादच्या त्या दाढीवाल्याच्या घरीही सुख नांदो, आणि जो जो वर जाईल, तो तो सुखरूप खाली येवो.