शिफ्ट बदलतानाचा चहा

वल्लरी डोंबिवली एमआयडीसीतल्या त्या केमिकल कंपनीत संशोधनाला आली, ती मोठ्या हौसेने. नवी कॉम्प्युटर सिस्टीम आल्यावर माणसं प्रत्यक्षात काम कसं करतात, हा तिचा विषय. आधी तिने प्रश्नावली वाटली. झाडून सगळ्यांनी 'पूर्ण समाधानी'वर खूण केली. नोकरी कोणाला नकोशी झाली आहे? मग ती कंट्रोल रूमच्या कोपऱ्यात खुर्ची टाकून नुसती बघत बसली.

दुपारी शिफ्ट संपली तरी ऑपरेटर सुदेश घरी जायचा नाही. दुसऱ्या शिफ्टची जया आली की दोघं चहा घ्यायची, हळू आवाजात बोलायची, मग तो निघायचा. वल्लरीने ते टिपलं आणि मॅनेजर कमलेश साहेबांना दिलेल्या पहिल्या अहवालात घातलं: शिफ्ट बदलताना एका कामावर दोन माणसं. बोलणं काय होतं ते नंतर मुलाखतीत विचारू, असं मनाशी म्हणाली. उतावळेपणा, दुसरं काय!

मुलाखतीत सुदेशने आधी रेकॉर्डर बंद करायला लावला.

"तीन नंबरच्या टाकीचा तापमानाचा आकडा मधेच अडकतो, मॅडम. आत तापलं तरी स्क्रीनवर हिरवंच. ज्या दिवशी अडकेल त्या दिवशी मी जयाला चहावर सांगतो, ती बाहेर जाऊन टाकीवर थंड पाणी सोडते."

"सिस्टीममध्ये का नाही टाकत?"

"जो टाकतो त्याच्यावरच ठपका येतो. मागे एकाची नोकरी गेली त्यात. तुम्ही कुठे बोलू नका हां."

"शब्द देते," वल्लरी म्हणाली. असलं काही प्रश्नावलीत सापडत नाही, म्हणून ती मनातून खूशही झाली.

दुसऱ्या दिवशी ती कल्याणला घरीच टिपणं उतरवत बसली होती. दुपार कलताना कमलेश साहेबांचा मेसेज आला. 'तुमच्या निरीक्षणानुसार आजपासून चहा बंद. आभार.'

तिने सुदेशला फोन लावला.

"आज आकडा अडकलाय?"

"सकाळपासून. पण शिफ्ट संपताच साहेबांनी स्वतः मला गेटबाहेर काढलं, जया भेटलीच नाही. तिचा मोबाइल गेटवर जमा असतो. मला वाटलं, तुम्ही आत असाल."

"मी कल्याणला आहे. साहेबांना सांगते."

"तुम्ही शब्द दिलेला, मॅडम," सुदेश म्हणाला. "माझी पोरं शाळेत आहेत."

"आणि जया?"

त्याने फोन ठेवला. वल्लरीला रडू आलं, रागही आला, स्वतःचाच जास्त. तिने साहेबांना फोन करून एका दमात सगळं सांगितलं.

"हे तुम्हाला कोण म्हणालं?"

"आधी जयाला बाहेर पाठवा, पाणी सोडायला सांगा!"

"नाव सांगा, मॅडम. ऐकीव गोष्टीवर मी प्लांटला हात लावत नाही."

तिने नाव सांगितलं.

"सुदेश. बरं, उद्या बघतो त्याच्याकडे." साहेबांचा आवाज मऊ झाला. "तुम्ही उगाच घाबरू नका. मी जयाच्या शेजारीच उभा आहे, स्क्रीनसमोर. तीन नंबर एकदम हिरवा आहे."