घरचं नाव घरी विचारा

‘नाव सापडत नाही.’ पडद्यावर पुन्हा तेच आलं. सकाळी निघताना बाळाचं अंग कोमट लागत होतं. सासूबाई म्हणाल्या, तू जा, मी आहे ना. आता त्या फोन उचलत नव्हत्या. पाळण्यावरचा कॅमेरा नवऱ्याने घरच्या घरी जोडलेला, तो फक्त माझ्या लॅपटॉपवर दिसायचा. काल दिसत होता. आज नवं टेबल मिळालं, ऑफिसची केबल लावली, आणि घरच गायब.

ऑफिसचे कॉम्प्युटर बघणारे वायरकाका आले. सगळं ऑफिस त्यांना हेच म्हणतं. केस पांढरे झाले तरी टेबलाखाली पोरासारखे शिरतात. मी काय दाबलं ते त्यांनी विचारलं नाही, बाळ केवढं ते विचारलं. मग एकीकडे लॅपटॉप तपासता तपासता समजावत राहिले. यंत्राला नावावरून पत्ता कळत नाही, तो कुणाला तरी विचारावा लागतो. माझ्या लॅपटॉपला आता दोन वाटा होत्या, एक ऑफिसची, एक नवऱ्याने जोडून दिलेली घरची. आणि दोन्हींवर पत्ते सांगणारे वेगळे. केबल लावल्यापासून तो आधी ऑफिसच्याला विचारत होता.

“त्याला तुमचं घर काय माहीत? तो म्हणतो, असं कुणी नाही. आणि हा शहाणा लॅपटॉप तेवढ्यावर गप्प बसतो. दुसऱ्याला विचारतच नाही.”

“मग केबल काढू?”

“काढा की. पण दिवसातून किती वेळा काढाल? आई आहात तुम्ही.”

त्यांनी यंत्राला बजावून ठेवलं, की घरची नावं घरच्याच वाटेने विचारायची. चित्र आलं. बाळ झोपलेलं. शेजारी सासूबाई बसल्या बसल्या पेंगलेल्या, एक हात बाळाच्या पोटावर. तो हात हलके वर-खाली होत होता. तो पुरेसा वेळ बघून झाल्यावर माझ्या लक्षात आलं, काकांनी खुर्ची खिडकीकडे फिरवली होती.

“बरं पटकन सुचलं तुम्हाला,” मी म्हणाले.

“आई अंथरुणावर होती तेव्हा माझ्या मशीनवर हेच केलं होतं.”

‘होती’ ऐकून मी पडद्यावरचं चित्र लहान करून कोपऱ्यात सरकवलं.

संध्याकाळी बाळाचा ताप उतरल्याचं सांगायला त्यांच्या खोलीत डोकावले. त्यांच्या पडद्याच्या कोपऱ्यात एक छोटं चित्र होतं. एक खाट, वर कुणी नाही. माझी नजर तिथे गेलेली त्यांनी पाहिली.

“पंखा चालू राहिला का बघतो,” ते म्हणाले. मी मान डोलावली.

पुढच्या आठवड्यात काही कामाने पुन्हा गेले. काका टेबलाखाली होते. कोपऱ्यात चित्र होतंच, खाट तशीच रिकामी. मागच्या वेळी तिच्यावर निळ्या पट्ट्यांची चादर होती. आज पांढरी होती, कोपरे ताणून नीट खोचलेली.