गाऱ्हाण्यातल्या चाळी

लवूकाकांच्या घशाचं ऑपरेशन झालं, त्यांचा आवाज गेला आणि यंदा देवाला गाऱ्हाणं घालायचा मान माझ्याकडे आला. आमचं गाव धामापूरच्या अलीकडे. वर्षाच्या समाराधनेला देवापुढे नारळ ठेवायचा, एकानं गावाच्या वतीनं मोठ्यानं मागणं मागायचं आणि बाकीच्यांनी प्रत्येक मागण्याला 'व्हय म्हाराजा' म्हणायचं. त्यात मुंबईकरांचा एक लांबलचक भाग असतो. गिरगावात नारळवाल्याची चाळ, लालबागेत हातिमभाई बिल्डिंग, काळाचौकीला पत्र्याची चाळ, पुढे भोईगल्ली. आमची माणसं जिथे जिथे राहिली त्या प्रत्येक जागेचं नाव घेऊन, 'थंय जा कोण लेकरू आसा तेका सांभाळ' असं सांगायचं.

लवूकाका जन्मभर ही नावं घेत आले. खरं सांगायचं तर त्यातली एकही इमारत आता उभी नाही. कुठे टॉवर आला, कुठे मॉल आला, भोईगल्ली तर उड्डाणपुलाखाली गडप झाली.

तोंडवलीला माझा होमस्टे आहे. शहरातल्या पाहुण्यांची ऊठबस करून करून मला सगळं टापटीप लागतं. गेल्या वर्षी माझी मुलगी रिया ऑफिसातल्या मैत्रिणी घेऊन समाराधनेला आली आणि गाऱ्हाणं ऐकून हसत सुटली. "बाबा, देव आता मॉल सांभाळतोय का?" मैत्रिणीही खिदळल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तेव्हाच ठरवलं, कधी आपल्या हातात आलं तर ही अडगळ काढून टाकायची. यंदा त्या मुली पुन्हा आल्या होत्या.

मी झकास गाऱ्हाणं घातलं. भात, आंबा, काजू, गुरंढोरं, लग्नाच्या मुली, सगळं आलं. मुंबईकरांसाठी मात्र एकच सुटसुटीत वाक्य ठेवलं, "मुंबयत जी काय आमची लेकरा आसत, तेंका सुखी ठेव म्हाराजा." खांबाला टेकून बसलेल्या लवूकाकांनी जमिनीवर हात आपटला. परत आपटला. मला वाटलं, पंगतीला उशीर होतोय म्हणून घाई करतायत. मी आवरतं घेतलं. रियानं लांबून अंगठा दाखवला, आणि तेवढ्यावर मी हरभऱ्याच्या झाडावर जाऊन बसलो.

बाहेर मांडवात पानं मांडली. सगळे उठले, पण लवूकाका खांबाला टेकूनच होते आणि वाडीतली काशीकाकी देवासमोर होती तशीच बसून राहिली.

"काकी, जेवक चल गो," मी म्हटलं.

"निलेशा, तू हातिमभाईचा नाव घेवक नाय."

"गो काकी, ती बिल्डिंग पाडली. थंय टॉवर झालो."

"माका ठावक आसा."

तिचा मुलगा शंकर त्या बिल्डिंगमध्ये पोटभाडेकरू होता. पाडायच्या वेळी भाडेकरूंना नव्या जागेचे कागद मिळाले, पोटभाडेकरूला कोण विचारतो? त्यानं बोचकं उचललं आणि कुठे गेला ते कुणालाच कळलं नाही. फोन बंद. आम्ही गावातले चारपाच जण शोधून आलो, पोलिसांत तक्रार दिली आणि मग एकेक करून आपापल्या कामाला लागलो. मला हे सगळं माहीत होतं. अडगळ काढताना शंकर माझ्या डोक्यातच आला नाही.

"देवान तेका शोधूचा म्हटला तर खंयसून शोधतलो?" काकी म्हणाली. "तेचो शेवटचो पत्तो तोच. लवूभावजी दरवर्सा नाव घेयत. ता आयकला की माका वर्सभर धीर येता."

तरी माझी हुशारी थांबेना. "पण काकी, टॉवरचो वॉचमन थंय कोणाक आत सोडीना."

"देवाक अडवतलो?"

ती चिडून बोलली नाही, खरंच विचारत होती. धरणीनं पोटात घ्यावं असं मला वाटलं. गेल्या वर्षी चार पोरी हसल्या म्हणून मी लाजेनं लाल झालो होतो, आणि त्या फुकटच्या लाजेपायी एका आईच्या तोंडचा घास काढून घेतला होता. लवूकाका खांब धरत उठले, आतून दुसरा नारळ आणला आणि माझ्या हातात दिला. त्यांच्याकडे वर बघायची माझी हिंमत झाली नाही.

मी तो देवापुढे ठेवून पुन्हा हात जोडले. "बा देवा म्हाराजा, लालबागेत हातिमभाई बिल्डिंग..." आणि अडलो. पुढचा खोलीपर्यंतचा पत्ता मला येतच नव्हता. काकी शेजारून सांगायला लागली, "इराण्याच्या हॉटेलाच्या बाजूक. पाण्याच्या हौदासमोर. दुसरो मजलो, जिन्याकडची खोली." इराणी गेला, हौद बुजला, जिना कधीच डंपरमध्ये भरून नेला. मी एकेक शब्द तिच्या मागून म्हणत होतो. मांडवात ताटं घेऊन रिया आणि तिच्या मैत्रिणी आमच्याकडे बघत होत्या, आणि माझा आवाज आपोआप खाली आला. इतकं होऊनही माझा आवाज खाली आला.

काकीनं माझं कोपर धरून हलवलं.

"मोठ्यान सांग रे. लांब आसा तो."