मागच्या सीटखालचा पंप

साडेबारा

"फिरव चावी!"

मामांनी गाडीच्या मागच्या दारातून ओरडून सांगितलं. मागची सीट काढून त्यांनी भिंतीला उभी केली होती आणि सीटखालच्या पेट्रोल पंपावर उजवा तळहात ठेवून ते वाकून बसले होते. पुढे भाच्याने चावी फिरवली. चावी फिरवली की पंप दोन सेकंद गुणगुणतो आणि थांबतो. गॅरेजमध्ये सगळ्यांना तो ऐकू येतो. मामांना दोन वर्षांपासून येत नव्हता. ते तळहाताने ऐकत.

"दम नाही याच्यात," मामा म्हणाले.

"कुणाच्यात, पंपाच्या की तुमच्या?"

(हे मामांना ऐकू गेलं नाही. कोपऱ्यातल्या डेंटरला गेलं. तो पत्रा ठोकता ठोकता हसला.)

"नवा पंप आहे, मामा!" आता भाचा मागे वळून, मोठ्याने. "परवा मीच टाकलाय. सॉकेट काढून मीटर लावला, साडेबारा व्होल्ट येतायत. करंट पूर्ण आहे आणि गाडी चालू होत नाही. मग पंपच गेला ना? टाकला नवा. तरी तेच."

"सॉकेट काढून मोजलंस?"

"मग काय घालून मोजायचं?"

मामांनी मीटर जवळ ओढला. या भाच्याला मिसरूड फुटायच्या आधी त्यांनीच शिकवलं होतं: रिकाम्या उभ्या माणसाला विचारू नको अंगात जोर किती आहे. पाठीवर पोतं दे, मग विचार.

सकाळीच भाच्याने सगळ्यांसमोर ठरवलं होतं. "मामा, ही गाडी तुमची. चालू झाली तर राहा. नाही तर उद्यापासून आराम करा. आईला मी सांगतो काय सांगायचं ते."

आराम म्हणजे काय, हे मामांना ठाऊक होतं. त्यांची खाट गॅरेजच्या माळ्यावर होती. खाटही गॅरेजचीच, आणि गॅरेज भाच्याचं.

सात

मामांनी सॉकेट जोडलेलंच ठेवलं. मागच्या बाजूने, वायरच्या कडेने, बारीक टाचणी आत सरकवली आणि टाचणीला मीटर लावला.

"फिरव!"

पंप थरथरला. मीटरवर सात.

म्हणजे पोतं पाठीवर घेतलं की करंट गुडघे टेकत होता.

पाच

"काय सापडलं?" गाडीवाल्या बाई खुर्ची ओढून समोरच येऊन बसल्या होत्या. ओठ दिसत होते म्हणून मामांना समजलं.

"ही काळी वायर बघा. गेलेला करंट हिच्यावरून परत येतो. इथे शून्य लागायला पाहिजे. पाच दाखवतोय. परतीच्या वाटेवर कुणीतरी खातंय."

काळी वायर सीटखालून डिकीत जात होती. मामांनी डिकीतलं कार्पेट उचललं. खाली गाडीच्या पत्र्यात एक बोल्ट, त्याच्याखाली वायरचं टोक, आणि दोघांवर पांढरट हिरवा गंज, नखाने खरवडला तर भुगा पडावा असा.

"डिकीत पाणी साचलं होतं?"

"हो, गेल्या महिन्यात. रबर फाटलं होतं."

मामांनी बोल्ट सोडवला, पॉलिश पेपरने पत्रा चकाकेपर्यंत घासला, टोक घासलं, बोल्ट आवळला. बाई भाच्याकडे वळल्या.

"म्हणजे नवा पंप लागतच नव्हता?"

मामांनी तेवढ्यात मान वर केली होती. बाईंचे ओठ त्यांना दिसले.

"जुना चांगला होता," ते म्हणाले.

हे वाक्य त्यांनी गिळायला हवं होतं. पण दोन वर्षांत पहिल्यांदाच कुणीतरी त्यांना काही विचारत होतं. खरं तर हे त्यांना विचारलेलंच नव्हतं.

शून्य

मीटरवरचं शून्य बाईंना दाखवून मामा डिकीपाशी हात पुसत उभे राहिले. पाठ गाडीच्या पुढच्या बाजूला.

भाचा पुढच्या सीटवर बसला आणि त्याने चावी फिरवली. इंजिनाने लगेच पकडलं. मऊ, एकसारखा आवाज. बाई हसून उठल्या. भाच्याने ओठांवर बोट ठेवलं, डेंटरला खूण केली. डेंटरने हवेचा कॉम्प्रेसर लावला. जमीन हलायला लागली.

"बाई, एक मिनिट. गंमत बघा."

(हे मामांना ऐकू गेलं नाही.)

भाचा उतरला, दार हलकेच लोटलं, मामांच्या समोर जाऊन उभा राहिला आणि ओठ नीट हलवत म्हणाला, "या मामा. तुम्हीच चालू करा. मान तुमचा."

मामांचा चेहरा उजळला. त्यांनी शर्टाची बाही खाली केली, बटण लावलं. बसले. अंगाखाली थरथर होती, पण ती कॉम्प्रेसरची असं त्यांना वाटलं. ती ओळखीची होती. ते भाच्याकडे बघत होते, इंजिनाचे फेरे दाखवणाऱ्या काट्याकडे नाही.

चालू गाडीची चावी त्यांनी फिरवली.

कर्रर्र झालं. दातांवर दात घासल्यासारखं. बाईंनी कान झाकले. डेंटर मोठ्याने हसला आणि मग एकटाच हसतोय हे लक्षात आल्यावर थांबला.

मामांना तो आवाज मनगटात कळला. तीस वर्षांत कितीतरी शिकाऊंच्या डोक्यात याच आवाजासाठी त्यांनी टपली मारली होती. त्यांनी काटा बघितला. आठशेवर. केव्हाचा.

"अहो, मोडतील ना गाडी!" बाई म्हणाल्या. "यांना ऐकू येत नाही?"

"दोन वर्षं झाली. घरचे आहेत म्हणून सांभाळून घेतो. तुम्हीच सांगा, यांच्या भरवशावर मी जुना पंप ठेवायचा की नवा टाकायचा?"

बाईंनी पटल्यासारखी मान डोलावली. मग भाचा खिडकीत वाकला आणि एकेक शब्द ओठांवर नीट ठेवत म्हणाला:

"गाडी चालू झाली, मामा. पण चालू मी केली."

मामा उतरले. इंजिन बंद केलं नाही. भिंतीकडची सीट उचलून आणली. ती बसवण्याआधी त्यांनी पंपावर तळहात ठेवला. पंप भरून, न अडखळता चालला होता. तळहात बराच वेळ तिथेच राहिला.

"राहू द्या हो, सीट आम्ही बसवतो," मागून कुणीतरी म्हणालं.

मामांनी सीट बसवली, दाबून दोन्ही खिट्ट्या लागल्याची बोटांनी खात्री केली. मागे गेले. बोल्टवर कार्पेट अंथरलं, कडा दाबल्या. मग डिकीचं झाकण दोन्ही हातांनी धरून, आवाज होऊ नये म्हणून, हळूहळू खाली आणलं.